विमान गेले, सुई हलली नाही

४ फेब्रुवारी १९२९, सोमवार

एक कोडे बहुतेकांच्या लक्षात आलेले असते, पण त्याचे उत्तर शोधायला कोणी थांबत नाही. भर जत्रेत किंवा आगगाडीच्या फलाटावर दोन माणसे बोलत असली की त्यांचे आवाज आपोआप चढतात. ‘मोठ्याने बोला’ असे त्यांना कोणी सांगत नाही, आणि आपण ओरडतो आहोत हे त्यांनाही कळत नाही. गलबला एकाएकी थांबला की एखादे अर्धे वाक्य सगळ्यांसमोर उघडे पडते आणि लोक हसतात. हे का होते? नेब्रास्काच्या शाळेत मी दरवर्षी हा प्रश्न फळ्यावर लिहीत असे. उत्तर असे की आपला कान आपल्याच आवाजावर सतत पहारा ठेवतो. बाहेरचा गोंगाट वाढून स्वतःचा आवाज बुडू लागला की हा पहारेकरी आपल्याला न विचारताच घशाला हुकूम देतो.

आजपासून हे ज्ञान फळ्यावर नव्हे, पडद्यावर वापरायचे आहे. फेनिमोर स्टुडिओने मला नटांना बोलायला शिकवण्यासाठी नेमले आहे. पहिलाच विद्यार्थी लेलँड क्रॉफ्ट! सहा वर्षे मूकपटांत त्याने नुसती मान वळवली तरी थिएटरांतून उसासे ऐकू येत. आता बोलपट आले. त्याच्या कराराची मुदत १५ मार्चला संपते. पहिल्या बोलपटातली महत्त्वाची दृश्ये पाहून मालक मिस्टर फेनिमोर त्या दिवशी ठरवतील, क्रॉफ्टला ठेवायचे की सोडायचे. माझे लेखी मतही त्यांना हवे आहे.

७ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला धडा. खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर पडेल अशा बेताने क्रॉफ्टने आधी माझी खुर्ची फिरवली.

“अंधारात बसलेल्या मास्तरांची मला लहानपणापासून धास्ती आहे, मिस थॉर्प,” तो म्हणाला.

इतका एकाग्र विद्यार्थी मी वीस वर्षांत पाहिला नाही. स्वर कोठून उमटतो हे समजावताना मी पेन्सिल ओठांशी धरली, तर त्याने हळूच ती काढून घेतली. “तुमचे ओठ बघूनच मला नीट कळतं.” अनुकरणाने शिकणाऱ्या माणसाचे हेच लक्षण! आवाज खोल, मऊ आणि कमालीचा सम. स्टुडिओत उगाच अफवा पसरली आहे की त्याचा आवाज पडद्यावर चालणार नाही.

१३ फेब्रुवारी, बुधवार

आज क्रॉफ्टने चमत्कारिक मागणी केली. धडा सुतारांच्या छपराखाली घ्यायचा, जेथे नेपथ्यासाठी दिवसभर करवत चालते.

“तिथे माझं मन लागतं,” तो म्हणाला.

मी घसा फोडून शिकवले. पण आश्चर्य असे, की माझ्या शांत खोलीत ज्या माणसाला मला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावे लागते, त्याने करवतीशेजारी एकदाही ‘काय म्हणालात?’ असे विचारले नाही. अडथळ्यांतून एकाग्रता कमावणाऱ्या कलावंतांविषयी मी वाचले होते, प्रत्यक्ष आज पाहिले. सुतारांचा मुकादम मात्र निघताना म्हणाला, “बाई, उद्या येताना भोंगा आणा.”

१९ फेब्रुवारी, मंगळवार

दिग्दर्शक रेनिंजर यांच्या तोंडात सदैव चिरूट, आणि मिशा अशा की वरचा ओठ कधी कोणी पाहिलाच नसेल. आज तालमीत क्रॉफ्ट नम्रपणे म्हणाला, “साहेब, चिरूट खाली ठेवाल का? धुरानं माझा घसा धरतो.”

“सहा वर्षं नाही धरला तो?”

“सहा वर्षं घशाची गरज नव्हती.”

सगळे हसले, रेनिंजर यांनाही हसावे लागले. घशाच्या आरोग्याविषयी मी जे शिकवते ते तो अमलात आणतो, याचे मला फार समाधान वाटले.

२७ फेब्रुवारी, बुधवार

आता काळजी वाटू लागली आहे. आवाजात खोट नाही, वेळ चुकते. नायिका मिस लॅरबी हिचे वाक्य संपण्याआधीच तो बोलू लागतो, किंवा ती गप्प झाल्यावर तो इतका वेळ थांबतो की खोकल्याचा आवाज यावा.

मूकपटाची रीतच वेगळी होती. तेव्हा चित्रण चालू असताना दिग्दर्शक भोंग्यातून ओरडत असे, “आता बघ! आता वळ! आता रड!” कोपऱ्यात व्हायोलिन वाजत असे, शेजारच्या मंचावर हातोडे चालत. आता घंटा होते, लाल दिवा लागतो, दारे बंद होतात आणि कोणी श्वासही मोठ्याने घेत नाही. मायक्रोफोन फुलदाणीत लपलेला. कॅमेऱ्याची घरघर त्यात येऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरावाला एका काचेच्या पेटीत कोंडलेले. सवय मोडायला वेळ लागणारच. क्रॉफ्टला मी श्वास मोजण्याचा सराव दिला आहे. पंधरा दिवस उरले. झोपेत मी श्वास मोजते.

५ मार्च, मंगळवार

आज एक लक्षणीय नोंद! तालीम रंगात असताना वरून विमान गेले. आवाजाचा तंत्रज्ञ गस हॅवरकँप पूर्वी टेलिफोन कंपनीत होता. त्याच्या आवाज-मापकाची सुई मी खास पाहत होते. मिस लॅरबीचा आवाज विमानाबरोबर चढला, रेनिंजर यांचा तर गर्जना होईपर्यंत. क्रॉफ्टचा? सुई त्याच्या नेहमीच्या जागेवरून केसभरही हलली नाही. भर घरघरीत त्याने तीन वाक्ये त्याच मऊ पातळीवर म्हटली.

मी गसला म्हटले, “पाहिलंत? काय हा संयम! हे माझ्या श्वासाच्या सरावाचं फळ आहे.”

गसने सुईवरची काच बाहीने पुसली. मग म्हणाला, “मास्तरीणबाई, माझी सुई कौतुक करत नाही. नुसती हलते, नाहीतर हलत नाही.”

हे तंत्रज्ञ लोक फार कोरडे असतात.

८ मार्च, शुक्रवार

चित्रणाच्या वेळी मंचावर कोणी थांबावे याची यादी रेनिंजर यांनी माझ्याकडून करून घेतली. क्रॉफ्टचा कपडे सांभाळणारा टोबायस हा म्हातारा नेहमी कॅमेऱ्याशेजारी पांढरा टॉवेल घेऊन उभा असतो. कधी तो डाव्या खांद्यावर टाकतो, कधी उजव्या. त्याच्या बुटांची करकर मी स्वतः ऐकली आहे. त्याचे नाव मी खोडले.

क्रॉफ्टला सांगताच त्याचा चेहरा उतरला. “तो माझ्यासाठी शुभ आहे,” तो म्हणाला.

मी त्याला समजावले की शुभाशुभाला ध्वनिशास्त्रात जागा नाही.

११ मार्च, सोमवार

वाईट दिवस.

दृश्य साधे आहे. क्रॉफ्ट खिडकीशी उभा, पाठ खोलीकडे. दाराशी मिस लॅरबी निरोप घेते; बोलता बोलता तिचा शब्द अडतो, आणि त्या क्षणी त्याने वळायचे. सहा वेळा चित्रण केले. तीनदा ती बोलत असतानाच वळला. दोनदा ती रडून गप्प झाली तरी खिडकीबाहेर पाहत राहिला. एकदा ती निघून गेल्यावर वळला आणि रिकाम्या दाराला म्हणाला, “थांब!”

कोणीतरी फिसकन हसले. रेनिंजर कॅमेऱ्याच्या पेटीतून घामाघूम होऊन बाहेर आले.

“लेलँड, ती पोरगी तुझ्या आयुष्यातून चालली आहे! तुला कळतंय का?”

“हो, साहेब.”

“मग मला कळू दे की!”

संध्याकाळी फेनिमोर यांचा निरोप आला: गुरुवारी शेवटची संधी. शुक्रवारी ते पाहतील आणि ठरवतील. मी रोजचा सराव दुप्पट लिहून काढला आणि मग कागदाकडे पाहत बसले. जो माणूस संपूर्ण पाठ, पूर्ण समजुतीने, उत्तम आवाजात म्हणतो त्याची चूक नेमकी कोठे आहे? माझ्या पद्धतीत कोठेतरी एक पायरी सुटली आहे.

१२ मार्च, मंगळवार

दुपारी टोबायस माझ्या भाड्याच्या खोलीवर आला. हातात त्याचे बूट. त्याने ते उलटे करून दाखवले. तळव्यांना जाड लोकरी बनातीचे तुकडे शिवले होते.

“आता करकरत नाहीत, बाई. चालून दाखवू?”

त्याने दाखवले. मांजर चालावे तसे.

“पण टोबायस, तुम्ही तिथे हवेत कशाला?”

“साहेबांना मी लागतो.”

“कशासाठी?”

“लागतो, एवढंच. सहा वर्षं आहे त्यांच्यापाशी. याहून जास्त माझ्या तोंडून निघायचं नाही, मग तुम्ही मला परत यादीत घ्या, नाहीतर नका घेऊ.”

तो गेल्यावर मी सवयीप्रमाणे कोरा कागद घेतला आणि सगळी निरीक्षणे एकाखाली एक मांडली, जशी मुलांकडून मांडून घेते. टॉवेल कधी डावीकडे, कधी उजवीकडे. उजेडाकडे फिरवलेली खुर्ची. काढून घेतलेली पेन्सिल. चिरूट. करवत. सर्वांत शेवटी विमान. आणि मग पहिल्या दिवशी मीच लिहिलेले उत्तर काढून वाचले: कानाने गोंगाट ऐकला, तरच घसा चढतो.

गोंगाट ऐकला, तरच.

पाच आठवडे मी एका बहिऱ्या माणसाच्या संयमाचे कौतुक करत होते. आणि त्याचे डोळे ज्याच्यावर होते त्या माणसाला मीच दाराबाहेर काढले.

१३ मार्च, बुधवार

अनुमान कितीही नेटके असले तरी ते तपासल्याशिवाय खरे मानू नये. मी नादकाटा, म्हणजे ठोकला की एकच सूर देणारा पोलादी चिमटा, बरोबर नेला. धड्याच्या शेवटी तो क्रॉफ्टच्या कानाशी धरला आणि त्याच्या समोर राहून विचारले, “ऐकू येतंय?”

“स्पष्ट,” तो हसून म्हणाला. “गोड स्वर आहे.”

“मिस्टर क्रॉफ्ट, मी तो वाजवलाच नाही.”

त्याचे हसू क्षणभर तसेच चेहऱ्यावर राहिले. मग ते हळूहळू गेले. मी काटा वाजवला आणि त्याचे टोक कानामागच्या हाडावर टेकवले. त्याने डोळे मिटले.

“हे येतंय,” तो म्हणाला. “हे खरंच येतंय.”

मग सगळे बाहेर आले. त्याची आई फॉल रिव्हर गावच्या कापडगिरणीत मागावर होती. तिथल्या खडखडाटात बाया एकमेकींशी नुसत्या ओठांनी बोलत. घरी आल्यावरही तीच सवय. ओठ वाचायला तो अक्षरांच्या आधी शिकला. तिशीत आईचे कान बंद होत गेले, आणि तिशीत त्याचेही.

“मूकपटात कोणाला कळलं नाही?” मी विचारले.

“कसं कळणार? तिथे सगळे ओरडतच होते. गोंगाटात मला चांगलं ऐकू येतं, बाई. माणसं आवाज चढवतात आणि तो खडखडाट माझ्यापर्यंत पोचत नाही, नुसते शब्द पोचतात. पण यांनी ती लाल बत्ती लावली की कुणीतरी मला कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं होतं.” त्याची नजर माझ्या ओठांवर आली. “तुम्ही हे मतात लिहिणार?”

“माझं मत आवाजाबद्दल मागितलं आहे,” मी म्हणाले. “कानाबद्दल कोणी विचारलेलं नाही.”

हे उत्तर प्रामाणिक आहे की नाही, यावर मी दिवसभर विचार केला. अजून ठरलेले नाही.

मग उद्याचा प्रश्न. टोबायस खिडकीमागे उभा राहिला तरी टॉवेलने त्याला ‘आता’ एवढा एकच क्षण दाखवता येतो. पण मिस लॅरबी दर वेळी निराळ्या जागी अडखळते आणि म्हाताऱ्यालाही अलीकडे ती नीट ऐकू येत नाही. क्रॉफ्टला खिडकीपलीकडे ते सबंध बोलणे दिसायला हवे, शब्द न् शब्द.

“ते मी करीन,” मी म्हणाले.

१४ मार्च, गुरुवार

सकाळी टोबायसचे नाव यादीत परत घातले आणि बनातीचे बूट स्वतःसाठी मागून घेतले. दोन मोजे चढवले तेव्हा ते माझ्या पायात बसले.

खिडकीबाहेर रंगवलेला समुद्र आहे. चौकट आणि समुद्र यांच्या मधे हातभर फट, कॅमेऱ्याला न दिसणारी. तिथे मी उभी राहिले. टोबायसने एक बारका दिवा माझ्या तोंडावर सोडला. रेनिंजर यांनी विचारले, “मिस थॉर्प, समुद्रात काय करताय?”

“श्वासाचं निरीक्षण.”

“बुडू नका म्हणजे झालं.”

घंटा झाली. लाल दिवा लागला. मिस लॅरबी दाराशी बोलू लागली आणि मी तिचे बोलणे ओठांवर घेऊ लागले, घशातून चकार शब्दही निघू न देता. वीस वर्षे मी मुलांना सांगत आले, आवाज मोकळा सोडा. आज जीभ टाळ्याला लागण्याचा टक्‌ असा आवाजही मला भयंकर वाटत होता. क्रॉफ्टची नजर समुद्रावर होती. समुद्र म्हणजे मी.

दुसऱ्याच वाक्याला मिस लॅरबी अडली. इथे अडायचे नव्हते. ती पाठ विसरली होती! मी ओठ अर्धे उघडे ठेवले, म्हणजे बोलणे अजून संपलेले नाही. तो थांबला. माझ्या मानेवरून घाम ओघळला. तिला शब्द सापडला, मी पुढे गेले, तो ऐकत राहिला. होय, ऐकत राहिला. दुसरा शब्द मला सुचत नाही. शेवटी ती खरोखर गप्प झाली तेव्हा मी ओठ मिटले.

तो वळला. “थांब,” तो म्हणाला.

माझी पाठ रंगवलेल्या लाटांना टेकली. लाटांचा रंग अजून ओला होता, हे मला नंतर कळले.

गस माझ्यापाशी आला आणि माझ्या निळ्या झालेल्या पाठीकडे बघत म्हणाला, “सुई छान होती, मास्तरीणबाई.”

“तुम्हाला पाच तारखेलाच कळलं होतं.”

“माझं काम सुईचं,” तो म्हणाला. “माणसांचं तुमचं.”

१५ मार्च, शुक्रवार

अकरा वाजता फेनिमोर यांच्या छोट्या थिएटरात आम्ही चौघे बसलो: मालक, रेनिंजर, क्रॉफ्ट, मी. क्रॉफ्टच्या हाताची बोटे खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होती. अंधारात त्याला कोणाचेही ओठ दिसणार नव्हते. दृश्य संपेपर्यंत, आणि त्यानंतरही, त्याला काहीच कळणार नव्हते.

दृश्य संपले. फेनिमोर अंधारातच बोलले.

“आवाज ठणठणीत. पण आवाजाचं सोडा. रेनिंजर, तो ऐकतो कसा बघा! ती मधे अडली, आणि हा जागच्या जागी श्वास धरून उभा. बाकीचे सगळे आपापल्या पाळीची वाट बघतात. हा पठ्ठ्या ऐकतो. दोन वर्षं ठेवा त्याला.”

मी क्रॉफ्टकडे पाहिले. तो पडद्याकडे पाहत होता, निकाल अजून लागायचा असल्यासारखा. दिवे लागेपर्यंत मला धीर धरवेना. मी त्याच्या हातावर हात ठेवून दोनदा दाबला. त्याने एकदम माझ्याकडे तोंड वळवले, पण अंधारात प्रश्न तसाच राहिला.

दिवे लागले. “दोन वर्षं,” मी ओठांनी म्हणाले.

माझे लेखी मत मी दुपारी दिले. त्यात आवाजाविषयी चार वाक्ये आहेत आणि चारही खरी आहेत.

१६ मार्च, शनिवार

त्याला आनंद झालेला दिसेल अशी माझी अपेक्षा होती. सकाळी तो आला तेव्हा त्याच्या डोळ्यांखाली काळे होते.

“दोन वर्षं म्हणजे फार झाली, बाई. वर्षभरात कान आणखी मिटतील. समुद्रात तुम्ही उभ्या राहाल, पण मला माझाच आवाज ऐकू येईनासा झाला तर? तो कुठे चालला आहे हे मला कोण सांगणार?”

“आईचा आवाज कसा होता? शेवटी?”

तो आठवू लागला. “मऊ. शेवटपर्यंत मऊ. शेजारणी म्हणायच्या, बहिऱ्या बाया केकाटतात, ही कशी नाही?”

मला उत्तर ठाऊक होते आणि ते नुसते सांगून पटणार नाही हेही ठाऊक होते. तरी सांगितले: दुसऱ्याचा आवाज कानाच्या दारातून येतो. त्याच्यासारख्यांचे ते दार मिटत चालले आहे. स्वतःचा आवाज मात्र दारातून येत नाही, तो घरातच असतो, हाडांतून चढतो. दाराच्या आतली खोली कायम शाबूत राहील अशी हमी मी देऊ शकत नाही, आणि तसे मी त्याला स्पष्ट सांगितले. पण दार मिटले म्हणून हा आवाज जात नाही, उलट आत कोंडून मोठा वाटतो, म्हणूनच त्याच्या आईचा आवाज मऊ राहिला.

“हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय.”

“मग माझ्यावर विश्वास ठेवू नका. करून पाहा.”

त्याने केले. माझ्यासमोर, खिडकीच्या उजेडात, पुन्हा पुन्हा, आधी एक कान मिटून आणि मग दुसरा. आणि तिसऱ्या वेळी तो गुणगुणायचा थांबलाच नाही.

मलाही शंका येण्याचे दिवस पुढे आहेत, म्हणून कृती येथे लिहून ठेवते. शांत जागी बसावे. ओठ मिटून एकच खालचा सूर गुणगुणावा. तो डोक्याच्या मध्यभागी ऐकू येईल. सूर न तोडता एका कानात बोट घट्ट घालावे, दुसरा कान उघडा ठेवावा. आता सूर कोणत्या कानात गेला, उघड्या की मिटलेल्या, ते पाहावे.